तेल दिसेल असे यंत्र द्या

यंत्रांचे आराखडे करणारे अभियंते, ती बांधून विकणाऱ्या कंपन्या आणि कारखान्यांसाठी त्यांच्या ऑर्डरी काढणारे व्यवस्थापक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी देखभाल विभागात वंगणाचे काम पाहतो. तेल भरणे, बदलणे, गाळणे, नमुने काढणे, प्रयोगशाळेचे अहवाल वाचणे आणि त्यावरून कोणते यंत्र कधी थांबवायचे ते ठरवणे, यातच माझा दिवस जातो. तुम्हा तिघांना एकत्र लिहितो आहे, कारण मला ज्याबद्दल बोलायचे आहे ती गोष्ट तुम्ही तिघेही एकमेकांवर सोडून देता. आराखडा करणारा म्हणतो, गिऱ्हाइकाने मागितलेच नव्हते. विकणारा म्हणतो, एवढ्यासाठी किंमत वाढवली तर ऑर्डर हातची जाईल. घेणारा म्हणतो, यंत्र कंपनीकडून जसे येते तसे आम्ही घेतो. मग ते यंत्र बसते आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे कुणीतरी हातात बॅटरी घेऊन, कपलिंगच्या गार्डमागे (फिरत्या जोडावरच्या संरक्षक आवरणामागे) मान वाकडी करून, काळवंडलेल्या काचेत तेल शोधत राहतो.

मागणी साधी आहे. यंत्रातले वंगण कसे आहे हे यंत्र चालू असताना, गार्ड न काढता, सुरक्षित जागी उभे राहून, मिनिटभरात कळले पाहिजे. आणि तशी सोय यंत्र कारखान्यात येतानाच त्यावर असली पाहिजे. पातळी दिसावी, रंग दिसावा, तळाशी पाणी साचले असेल तर ते दिसावे, फिल्टर भरला की कळावे आणि प्रयोगशाळेला पाठवायचा नमुना दरवेळी एकाच योग्य जागेवरून निघावा. यातले काहीही नव्याने शोधून काढायचे नाही. सगळे सुटे भाग बाजारात आहेत. ते बसवायला यंत्रावर जागा तेवढी नसते.

एखादा साधा गिअरबॉक्स घ्या. मोटर एका बाजूला, कन्व्हेयर दुसऱ्या बाजूला. त्याला तुम्ही चार भोके देता: वर तेल भरायचे, खाली सोडायचे, माथ्यावर ब्रीदरचे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे, आणि बाजूला पातळीचे. पातळीच्या भोकाला बहुतेक वेळा नुसता प्लग असतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते की प्लग उघडावा, तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलेले असावे. आता हे प्रत्यक्षात करून पाहा. यंत्र थांबवायचे, वीज तोडून कुलूप लावायचे, प्लगभोवतीची धूळ पुसायची, पाना लावून प्लग काढायचा, तेल ओघळले तर ठीक, नाही ओघळले तर बोट वाकवून आत घालायचे आणि तेल लागते का ते चाचपायचे. मग जुने वॉशर पुन्हा बसते की नाही या चिंतेत प्लग आवळायचा. एवढे करून कळते काय, तर फक्त पातळी. रंग नाही, फेस नाही, पाणी नाही. आणि त्या दोन मिनिटांत वरून धूळ आत पडली ती वेगळीच. तपासणीनेच तेल घाण होते.

म्हणून तो प्लग उघडला जात नाही. तक्त्यावर मात्र रोज बरोबरची खूण पडते. ही खूण करणाऱ्याला कामचुकार म्हणून मोकळे होऊ नका, ही माझी तुम्हाला पहिली विनंती. एका पाळीत त्याच्याकडे जेवढी यंत्रे असतात, त्या प्रत्येकाला थांबवून प्लग उघडायचे ठरवले तर उत्पादनच उभे राहील, आणि ते कुणीच चालू देणार नाही. त्याला जे करणे शक्य नाही ते तक्त्यावर छापून तुम्ही आणि आम्ही मिळून त्याला खोटे लिहायला लावतो. जी गोष्ट पाहायला अवघड असते ती पाहिली जात नाही, मग माणूस कितीही चांगला असो.

हे किती टोकाला जाऊ शकते त्याचे एक उदाहरण सर्वांना माहीत असायला हवे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे उड्डाण, एमडी-८३ विमान, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पॅसिफिक महासागरात कोसळले. विमानातली सर्व ८८ माणसे गेली. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या जॅकस्क्रूच्या (आट्यांच्या लांब दांड्याच्या) नटाचे आटे पूर्ण झिजून गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने झिजेचे कारण दिले ते अपुऱ्या वंगणाचे. कंपनीने ग्रीसिंगच्या पाळ्या लांबवल्या होत्या आणि विमान वाहतूक प्रशासनाने त्याला मंजुरी दिली होती, हे त्यात आलेच. आटे गेले तर विमान सावरेल अशी दुसरी व्यवस्था मूळ आराखड्यात नव्हती, हेही आले. पण त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो मला वंगणाच्या कामातल्या प्रत्येकासमोर ठेवावासा वाटतो: जॅकस्क्रूपर्यंत हात पोचण्यासाठी जी झडप (उघडायचे छोटे दार) होती ती मोठी असती, तर ग्रीसिंगचे काम नीट होणे सोपे झाले असते. विमान बनवणाऱ्यांच्या हिशेबाने त्या कामाला चार तास लागायला हवे होते. ज्या मेकॅनिकने ते शेवटचे केले त्याने आपल्याला साधारण एक तास लागतो असे सांगितले. लहान झडपेतून आत हात घातला की समोरचे दिसत नाही आणि दिसत असेल तेव्हा हात जात नाही. काम पुरे झाले की नाही हे बाहेरून दुसऱ्याला कळण्याचा मार्गही उरत नाही. तुमच्या कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सवर ८८ जीव अवलंबून नसतील. पण झडपेचे माप ठरवणारा माणूस ग्रीसिंगचा दर्जा ठरवत असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

आता पातळीच्या काचेबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

गिअरबॉक्सच्या अंगाशी सपाट बसलेली गोल काच लांबून आणि तिरकी पाहिली तर काहीच सांगत नाही. काही वर्षांत तिच्यावर आतून वार्निशचा, म्हणजे खराब झालेल्या तेलाचा, पिवळट थर चढतो. त्या डागाची कड तेलाच्या पातळीसारखीच दिसते. गिअरबॉक्स रिकामा असतानाही काच भरलेली वाटते. बाहेर घुमटासारखी आलेली पारदर्शक काच मिळते, ती बाजूने, वरून, खालून कुठूनही पाहता येते आणि तिच्यात उजेड शिरतो. उभी नळीची काच त्याहून चांगली, पण तिचे वरचे तोंड यंत्राच्या आतल्या हवेच्या पोकळीला जोडलेले असले पाहिजे. ते बाहेरच्या हवेत सोडले आणि आत थोडासा जरी दाब असला, तर नळीतली पातळी खऱ्या पातळीपेक्षा वर दिसते. काचेवर दोन खुणा हव्यात, यंत्र बंद असतानाची आणि चालू असतानाची. चालू यंत्रात तेल उडते, पाइपांत जाते, पातळी उतरते. एकच खूण असली की नवा माणूस चालू यंत्रात त्या खुणेपर्यंत तेल ओततो आणि यंत्र थांबल्यावर ते सीलमधून बाहेर येते. जास्त तेल घुसळले जाऊन तापते आणि फेसाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि काच कोणत्या बाजूला? आराखड्यात ती उजवीकडे असते. कारखान्यात तोच गिअरबॉक्स लाइनच्या दुसऱ्या अंगाला बसतो आणि काच भिंतीकडे जाते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. ओतकामात दोन्ही बाजूंना फुगवटे द्या, दोन्हीकडे आटे पाडा, न लागणारे भोक प्लगने बंद करा. ज्या बाजूने माणूस चालतो त्या बाजूला काच बसवायचे स्वातंत्र्य आम्हाला मिळेल.

पंपाच्या बेअरिंग हाउसिंगला जी आपोआप तेल पुरवणारी बाटली असते, तिच्याबद्दलही सांगतो. बाटली भरलेली दिसली की पाहणारा समाधानाने पुढे जातो. पण बाटली आणि हाउसिंग यांना जोडणारे निपल (आखूड नळी) गाळाने तुंबले, तर बाटली महिनोन्महिने भरलेलीच राहते आणि बेअरिंग कोरडे पडते. बाटली हे तेलाचे कोठार आहे, पातळीचा पुरावा नव्हे. हाउसिंगवर पातळीची स्वतंत्र काच असल्याशिवाय अशी बाटली देऊ नका.

पाण्यासाठी तळाला छोटी पारदर्शक वाटी बसवता येते, गिअरबॉक्सच्या ड्रेनच्या भोकात. खनिज तेलापेक्षा पाणी जड, म्हणून ते आणि गाळ आधी त्या वाटीत उतरतात. रोजच्या फेरीत एक नजर टाकली की समजते, झडप फिरवून तेवढेच पाणी सोडून देता येते. पॉलिग्लायकॉल हे कृत्रिम तेल असेल तर मात्र या वाटीवर विसंबू नये, कारण त्याची घनता पाण्याच्या आसपास किंवा जास्त असते आणि पाणी खाली बसत नाही. अशा बारकाव्यांसाठी तुमच्या मॅन्युअलमध्ये चार ओळी असायला हव्यात. तिथे सापडते ते ‘योग्य तेल वापरावे’ एवढेच.

डोळ्यांना दिसते ते सगळे पाहिले तरी खरा शत्रू दिसतच नाही. बॉल किंवा रोलर बेअरिंगमधला तेलाचा पडदा बहुधा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो. माणसाच्या डोळ्याला साधारण चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे काचेत स्वच्छ, सोनेरी दिसणाऱ्या तेलातही बेअरिंग खाणारी धूळ असू शकते. म्हणून कणांची मोजणी करावी लागते. आयएसओ ४४०६ या मानकात ४, ६ आणि १४ मायक्रॉन आणि त्याहून मोठ्या कणांसाठी तीन आकडे दिले जातात, उदाहरणार्थ १८/१६/१३. इथला १८ म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉन आणि त्यावरचे कण १३०० ते २५००. आकडा एकने वाढला की कण दुप्पट होतात. १८ चा २१ झाला तर कागदावर तीनचाच फरक दिसतो, तेलात कण आठपट झालेले असतात.

ही मोजणी जेवढी चांगली, तेवढा नमुनाही चांगला लागतो. आणि नमुना काढायला तुम्ही दिलेली जागा कोणती? ड्रेन प्लग. तिथून निघणारे तेल म्हणजे टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ. पहिल्या महिन्यात गाळाचा मोठा गोळा बाटलीत येतो, अहवालात लोह (झिजलेल्या भागांतून तेलात आलेले लोखंड) एकदम तिप्पट दिसते, धावपळ होते. पुढच्या महिन्यात नमुना काढणाऱ्याने थोडे तेल आधी सोडून दिलेले असते, लोह निम्म्यावर येते. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी वरच्या भोकातून नळी घालून नमुना काढतो, नळी कधी भिंतीजवळ तर कधी गिअरजवळ. चार-सहा अहवाल असे आले की व्यवस्थापन म्हणते, या तेल-तपासणीत काही अर्थ नाही. तपासणी बंद होते. प्रयोगशाळेची चूक नव्हती, तेलाचीही नव्हती. ज्या जागी भोक हवे होते तिथे ते नव्हते.

ते कुठे हवे हेही सांगतो. तेल फिरत असलेल्या यंत्रात बेअरिंगांतून किंवा गिअरांतून तेल परत येते त्या वाटेवर, फिल्टरच्या आधी, शक्यतो पाइपच्या कोपऱ्यावर, जिथे प्रवाह घुसळलेला असतो. सरळ, संथ पाइपात जड कण तळाशी सरकतात आणि नमुन्यात येत नाहीत. फिल्टरनंतरचा नमुना फिल्टरबद्दल सांगतो, यंत्राबद्दल नाही. तो हवा असेल तर दुसरे भोक द्या. मोठ्या यंत्रात प्रत्येक बेअरिंगच्या परतीच्या वाटेवर एकेक भोक असले तर लोह कुठून येते हे शोधायला यंत्र उघडावे लागत नाही. नुसत्या शिंतोड्यांवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये बाजूने आत जाणारी बारीक नळी द्या, तिचे तोंड तेलाच्या साधारण अर्ध्या उंचीवर, भिंतीपासून आणि फिरत्या भागांपासून दूर. बाहेरच्या टोकाला स्प्रिंगवर बंद होणारी नमुना-झडप आणि तिला साखळीची टोपी. अशा झडपेतूनही आधी नळीत अडकलेल्या तेलाच्या पाच-दहा पट तेल सोडून द्यावे लागते, म्हणून नळी जेवढी आखूड तेवढे बरे. हे सगळे आराखड्यावर एका दुपारचे काम आहे.

तेलावरून यंत्राची प्रकृती ओळखणे ही काही कालची कल्पना नाही. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या १९४० च्या दशकातच डिझेल इंजिनांच्या तेलातले झिजेचे धातू मोजून कोणते इंजिन उघडायचे ते ठरवत होत्या. एवढ्या काळानंतरही नवे कोरे यंत्र नमुन्याच्या भोकाविना येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि भोकाचाच विषय आहे म्हणून सांगतो. वंगणशास्त्रातला फार मोठा शोध बेअरिंगला पाडलेल्या एका भोकामुळे लागला. ब्यूचँप टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हकीकत आहे. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर आस फिरू लागताच तेल उलट त्या भोकातून वर आले. आधी बूच बसवले, मग लाकडाची खुंटी ठोकली. दोन्ही आतल्या दाबाने बाहेर फेकली गेली. तेव्हा त्यांनी तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि काटा २०० च्या पुढे गेला. आस धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पडद्यावर तरंगतो आहे हे त्यातून कळले, आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. बेअरिंगमधल्या तेलाच्या पडद्याची आजची गणना त्या गणितावर उभी आहे. टॉवर यांनी आत काय चालले आहे ते मोजण्याची सोय केली, म्हणून ते कळले. आम्हीही तेवढेच मागतो आहोत.

ब्रीदरवर थोडक्यात लिहितो. यंत्र तापले की आतली हवा बाहेर जाते, थंड झाले की बाहेरची आत येते, धूळ आणि दमट वाफ घेऊन. जाळीची टोपी दोन्हीपैकी काही अडवत नाही. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि बारीक फिल्टर असलेला ब्रीदर दोन्ही अडवतो, शिवाय दाणे रंग बदलतात तेव्हा तो बदलायची वेळ झाल्याचे लांबून दिसते. पण तो बसायला माथ्यावर पुरेशी उंची आणि नीट मापाचे आटे लागतात. माथ्यावर गार्ड टेकलेला असेल तर आम्ही तो कुठे बसवायचा?

फिल्टरवर दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा मापक हवाच. बहुतेक फिल्टरना बायपास झडप असते. फिल्टर भरला की ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. मापक नसेल तर हे कुणालाच कळत नाही. फरक शून्यावर आला तरी ती चांगली बातमी नसते, आत जाळी फाटलेली असू शकते. नवे तेल स्वच्छ असते हाही एक गैरसमज आहे. बॅरलमधले कोरे तेल पुष्कळदा यंत्राला चालेल त्यापेक्षा घाण असते. म्हणून भरायच्या आणि सोडायच्या वाटेवर झटपट जोडता येणारे कपलिंग द्या. फिल्टर-ट्रॉली जोडून यंत्र चालू असतानाच तेल गाळता येते, आणि वरचे झाकण उघडून नरसाळे लावायची वेळ येत नाही.

ग्रीसचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. तेल निदान काचेत दिसते. ग्रीस बेअरिंगमध्ये गेले की नाही हे पाहायला खिडकी नाही. म्हणून ग्रीस किती आणि कुठे जाते यावरच सगळे अवलंबून असते. पुन्हा भरायच्या ग्रीसचा एक प्रचलित हिशेब आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले रुंदी मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. मोटरीत नेहमी दिसणाऱ्या ६३१० बेअरिंगचा व्यास ११० आणि रुंदी २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. हा आकडा मोटरीच्या पाटीवर, निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) शेजारी, कोरलेला असला तर किती बेअरिंगे वाचतील! तो नसतो. मग माणूस हाताला जड लागेपर्यंत गन दाबतो. हाताची ग्रीस गन ७०० बारच्या आसपास दाब देऊ शकते. सील तेवढे सोसत नाही. ग्रीस मोटरच्या वाइंडिंगवर जाते, बेअरिंग जास्त ग्रीसने तापते आणि दोष पुन्हा ग्रीस करणाऱ्याचा निघतो.

जुने ग्रीस बाहेर पडायची वाट निपलच्या समोरच्या अंगाला द्या, आणि अशा ठिकाणी द्या की ती उघडता येईल. पंख्याच्या झाकणाखाली दडलेला प्लग कुणी कधी उघडत नाही. काही वर्षांत त्यात ग्रीस दगड होऊन बसते. निपल गार्डच्या आत असेल तर नळी काढून ते बाहेर आणा, पण एक काळजी घ्या: ती नळी यंत्र पाठवण्याआधी त्याच ग्रीसने पूर्ण भरलेली असू द्या. रिकामी नळी आली तर पहिले कित्येक महिने आम्ही फक्त नळी भरत बसतो आणि बेअरिंगला कणही मिळत नाही. निपलवर टोपी हवी आणि ग्रीसचे नाव हवे. मोटरीत पॉलियुरिया ग्रीस भरून पाठवता आणि पाटीवर नुसते ‘ग्रीस’ लिहिता. इथे कुणीतरी लिथियमचे भरतो, ती दोन्ही पुष्कळदा एकमेकांशी जमत नाहीत, मिश्रण पातळ होऊन वाहून जाते.

मध्यवर्ती ग्रीस यंत्रणा देता तेव्हाही हाच मुद्दा. पंप चालतो आहे म्हणजे बेअरिंगला ग्रीस मिळते आहे असे नव्हे. पंपापुढे नळी तुटलेली असते आणि ग्रीस फरशीवर जात असते. वाटप करणाऱ्या ब्लॉकला पुढे-मागे होणारी दर्शक पिन मिळते. ती घ्या, आणि ब्लॉक रस्त्याच्या बाजूला बसवा.

सेन्सरबद्दल तुम्ही विचाराल. सध्या प्रत्येक माहितीपत्रकात ऑनलाइन कण-मोजणी, आर्द्रता, तापमान यांचे सेन्सर असतात. मला ते हवे आहेत. रात्री तीन वाजता पाणी शिरले तर ते सकाळच्या फेरीआधी कळेल, ही फार मोठी गोष्ट आहे. तेलाचे तापमान तर कायम नोंदले गेले पाहिजे, कारण ढोबळ नियमाने दर १० अंश सेल्सियस वाढीला तेलाचे ऑक्सिडेशन दुप्पट वेगाने होते, म्हणजे आयुष्य निम्मे. पण संथ कोपऱ्यात बसवलेला सेन्सर तिथल्याच तेलाबद्दल बोलतो, आणि पडद्यावरचा हिरवा दिवा पाहून लोक यंत्राजवळ जाणेच सोडतात. सेन्सरला लागते तीच जागा नमुन्याच्या झडपेला लागते. आधी ती जागा करा. काच, वाटी, झडप हे आधी, सेन्सर त्यांच्या जोडीला.

जितकी भोके जास्त तितकी गळती जास्त, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो. त्यात तथ्य आहे. प्रत्येक सांधा ही गळतीची शक्यता आहे. पण नीट आट्यांची, सीलिंग रिंग बसवलेली झडप वर्षानुवर्षे जागची हलत नाही. गळतो तो प्लग, ज्याला दर तपासणीला पाना लावावा लागतो. खर्चाचेही तसेच. आराखडा कागदावर असताना एक फुगवटा आणि चार आटे वाढवणे म्हणजे किरकोळ काम. तेच यंत्र बसल्यावर करायचे तर उत्पादन थांबवा, तेल सोडा, ओतीव भिंतीला भोक पाडा, लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून जीव टांगणीला लावा, आणि वर तुमच्याकडून पत्र येते की यंत्राला हात लावल्यामुळे वॉरंटी संपली.

खरेदी करणाऱ्यांना आता थेट सांगतो. बनवणारे तुमच्या कागदावर असेल तेच बनवतात. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये रंगाचा शेड नंबर असतो, पाटीचे माप असते, पॅकिंगच्या लाकडाची जाडी असते. वंगणाच्या तपासणीबद्दल एक ओळ नसते. ब्रिटिश सरकारसाठी पीटर जॉस्ट यांच्या समितीने १९६६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिले तर तिथल्या उद्योगांची वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंडांची बचत होईल असा अंदाज होता. साठ वर्षे होत आली. तरी वंगण हा अजूनही ऑर्डर निघून गेल्यानंतर आठवणारा विषय आहे. पुढच्या ऑर्डरीत नमुन्याच्या झडपेची जागा, काचेचा प्रकार आणि दिशा, ब्रीदरचे आटे, ड्रेन आणि भरण्याची कपलिंगे, गार्डबाहेर आणलेली निपले आणि प्रत्येक जागी तेलाचे किंवा ग्रीसचे नाव व प्रमाण लिहिलेली पाटी, एवढे लिहा. यंत्र पाहायला बनवणाऱ्याच्या शेडमध्ये जाल तेव्हा रोजची फेरी मारणारा तुमचा माणूस बरोबर न्या. गार्ड बसवलेले असताना त्याला प्रत्येक काच वाचायला सांगा, प्रत्येक निपलला गन लावायला सांगा, एक नमुना काढायला सांगा. जिथे त्याला वाकावे, आडवे पडावे किंवा गार्ड सोडवावा लागेल ते सगळे त्रुटींच्या यादीत घाला आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय सही करू नका.

सुरक्षा विभागालाही याची एक प्रत द्यावी असे मला वाटते. फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नये असा फलक आपण लावतो आणि त्याच शाफ्टच्या मागे निपल ठेवतो. फलक वाचणारा आणि निपलला ग्रीस देणारा माणूस एकच असतो.

ज्या कारखान्यांत यंत्रे आधीच बसली आहेत त्यांना सगळे एकदम जमणार नाही. ज्यांच्या बंद पडण्याने लाइन थांबते अशी यंत्रे आधी निवडा. तेल बदलायच्या वेळी ती रिकामी होतातच, तेव्हा ड्रेनला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून वाटी आणि झडप बसवा, पातळीच्या प्लगच्या जागी घुमटाची काच घाला, ब्रीदर बदला. नवे भोक न पाडता इतके होते. उरलेल्यासाठी बनवणाऱ्यांकडे लेखी मागा, म्हणजे कोणत्या यंत्रावर कोणती जागा मिळू शकते याचे मापासह रेखाचित्र त्यांनी द्यावे. बनवणाऱ्यांनो, अशी विनंती आली तर वॉरंटीचे कलम पुढे करू नका, रेखाचित्र पाठवा. तुमच्या यंत्राची भिंत कुठे जाड आहे आणि आत गिअर कुठे फिरतो हे तुमच्याइतके कुणालाच माहीत नाही.

कळावे,

वंगणाचे काम पाहणारा एक देखभाल अभियंता